पाखरडोहचा गरुड

“निघालं! माय वं, निघालं! बोट दिसून राहिलं!”

रुख्मिणीचा आवाज सगळ्या बायांच्या वर चढला. नदीच्या कोरड्या पात्रात ती गुडघे टेकून बसली होती आणि दोन्ही हातांनी गाळ उपसत होती. तिच्या आजूबाजूच्या बायाही तशाच, कोपरापर्यंत चिखलात. मागे काठापासून पार रस्त्यापर्यंत माणसंच माणसं. नागपूरहून आलेल्या गाड्यांची रांग उमरेड रोडच्या वळणापर्यंत गेली होती. इतवारीतले भांड्यांचे व्यापारी घरच्यांना घेऊन आले होते, मनीषनगरच्या सुना मोबाइल उंच धरून उभ्या होत्या, आणि ज्याला काहीच दिसत नव्हतं तोही पुढच्याच्या खांद्यावरून “काय निघालं गा?” म्हणून हात जोडत होता.

गाळ बाजूला झाला. खाली दगड. दगडात मोठ्या ताटाएवढं पाऊल, तीन बोटांचं, टाचेसकट.

छत्रीखाली खुर्चीवर बसलेले पक्षिनाथ महाराज उठले. माइक कोणीतरी आधीच त्यांच्या तोंडाशी धरला होता.

“सायन्सवाले आले, मोजून गेले. काय म्हणाले? साडेसहा कोटी वर्षं! मी म्हटलं का? नाही! सायन्सनं म्हटलं! सायन्स सांगते वय, अन् हा पक्षिनाथ सांगतो नाव! डायनासोर, डायनासोर करता. अरे, डायनासोर तं मेला! मेलेला चालते का? बोला!”

“नाही!” लोक ओरडले.

“मागच्या एकादशीले पाऊल तिकडं होतं, आज इकडं आलं. मंग चालून कोण राहिला?”

“गरुडदेव!”

“कोणाकडं येऊन राहिला?”

“महाराजांकडं!”

प्रश्न त्यांचे, उत्तरंही त्यांचीच, लोकांकडे काम फक्त आवाजाचं. गरुडाला पंख असताना तो चिखलातून पायी पायी का येत होता, हे त्या गर्दीत एकानेही विचारलं नाही. विचारायला सवडच मिळत नव्हती. पाऊल दिसताक्षणी मठाच्या माणसांनी त्यावर तेल ओतलं, वरून शेंदूर लिंपला, कडेने झेंडूच्या माळा टाकल्या. जुन्या, खऱ्या पावलांपासून महाराजांच्या मठापर्यंत अशी शेंदरी ठिपक्यांची ओळ तयार होत आली होती. शेंदूर वाळला की पावलात पाणी भरायचं आणि ते पाणी तीर्थ म्हणून बाटल्यांत जायचं. गुडघेदुखीला तेच, मूल होत नसेल तर तेच, आणि साखरेलाही तेच.

साखरेसाठीच रुख्मिणी गाळात उतरली होती. ती माझ्या शेजारची. नवरा गेल्यापासून शिवणकामावर घर चालवायची. तिची एकुलती एक पोरगी काजल दहावीत होती आणि लहानपणापासून तिला साखरेचा आजार होता, तो सुईचा. रोज इन्शुलिन टोचून घ्यावं लागे. त्या दिवशीही काजल काठावरच्या दगडावर बसली होती, स्वेटरमध्ये बुडालेली, हातात पाण्याची बाटली.

मी जवळ जाऊन विचारलं, “का वं, बरं नाही का वाटत?”

“तहान लागते फक्त,” ती म्हणाली. “संध्याकाळची सुई बंद केली नं आईनं. महाराजांनी सांगितलं, एक एक सोडत जा.”

माझा उपास होता. हातात तुळशीचं पाणी घातलेला तांब्या होता, गावाबरोबर मीही एकादशी म्हणून नदीवर आले होते. पण पोरीचं ते वाक्य ऐकलं आणि तांब्या जड झाला.

*

आमच्या पाखरडोहला त्या पावलांचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. जुनी माणसं म्हणत, कोण्या काळी इथे राक्षसाएवढं पाखरू उतरलं होतं, म्हणून गावाचं हे नाव. पुढे भूगर्भशास्त्राची माणसं आली, त्यांनी पावलं घासूनपुसून पाहिली आणि सांगितलं की पाखरू नव्हे, पण पाखरांच्याच कुळातलं, दोन पायांवर चालणारं डायनासोर. ओल्या चिखलातून ते चालत गेलं, चिखलाचा दगड झाला.

मग काय विचारता! नगरपंचायतीचे अध्यक्ष वामनराव यांनी बसस्टँडसमोर डायनासोर चौक केला. त्यातल्या सिमेंटच्या डायनासोरचं तोंड वासरासारखं झालं होतं, पण गावाला ते चाललं. केश कर्तनालयाच्या पाटीवर लिहिलं गेलं, ‘साडेसहा कोटी वर्षांची परंपरा’. लग्नाची वरात डायनासोरपाशी थांबल्याशिवाय पुढे जात नसे. नागपूरहून आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी पावलं दाखवायची, हा शिरस्ता पडला.

आणि पावलं दाखवायची ती काजलने. शाळेतले धम्मानंद सर विज्ञान शिकवत, त्यांनी मुलांना माहिती सांगायला तयार केलं होतं. बाकीची पोरं पाठ केलेलं म्हणत. काजल खडकावर उभी राहून असं सांगायची की ऐकणारा पायाखाली बघायचा. “तुम्ही आता साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या चिखलात उभे आहात. घसरू नका.” लोक हसायचे आणि खरंच जपून पाय टाकायचे.

सरांकडे शाळेत काचेच्या कपाटात एक पाय होता. शास्त्रज्ञांनी सगळ्यांत स्पष्ट पावलात प्लास्टर ओतून तो काढला होता, म्हणजे पावलाच्या ठशावरून झालेला हुबेहूब पाय. यंदाच्या सव्वीस जानेवारीच्या प्रदर्शनात टेबल कलंडलं, पाय पडला आणि टाचेचा सुपारीएवढा टवका उडाला. टवका काही सापडला नाही. गावभर हळहळ झाली. आमचे हे तर जेवताना म्हणाले, “घरात कोणाचं हाड मोडल्यासारखं वाटून राहिलं.”

अशा गावात पक्षिनाथ महाराज आले. कोणी म्हणे छिंदवाड्याकडचे, कोणी म्हणे हिमालयातले. त्यांनी पहिल्याच प्रवचनात गावाच्या अभिमानाला हात घातला. “जगात एवढी गावं, पण पाय कुठं ठेवला? पाखरडोहात! काहून? तुमचं पुण्य!” डायनासोरचा अभिमान बाळगायला काजलसारखं चार गोष्टी समजून घ्याव्या लागत. गरुडाचा अभिमान बाळगायला नुसतं गावात जन्मलेलं पुरत होतं. लोक सोप्या बाजूला गेले. वामनरावही गेले. चौकातल्या वासरमुख्या डायनासोरला पंख बसवायचं काम त्यांनी मंजूर करून टाकलं.

*

मार्गशीर्षातला गुरुवार होता. पहाटे घट मांडून मी उंबऱ्याबाहेर लक्ष्मीची पावलं काढायला बसले. आता इतवारीत पावलांचे तयार छाप मिळतात, पण आमच्याकडे अजून मुठीनेच काढतात. तांदळाच्या पिठात मूठ बुडवायची, करंगळीकडची बाजू जमिनीवर टेकवली की तळपाय उमटतो, वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके. डाव्या मुठीचा डावा पाय, उजव्या मुठीचा उजवा. एक आड एक, फाटकापासून देवघरापर्यंत.

काजल फाटकातून आली. आली म्हणजे कठड्याला धरधरून आली. पंधरवड्यात पोरगी अर्धी झाली होती. डोळे आत, ओठ कोरडे, श्वास धाप लागल्यासारखा खोल.

“मी काढू का काकू? दरवर्षी काढतो नं मी.”

नाही म्हणवेना. ती खाली बसली. डाव्या हाताने तिने दाराची चौकट धरून ठेवली, नाहीतर तिचा तोल जात होता, आणि उजव्या मुठीने ती पावलं उमटवत गेली. मी आत निरांजन लावून आले आणि बघितलं.

“अगं बाई, हे काय? सगळे उजवेच पाय! लक्ष्मी काय लंगडी घालत येऊन राहिली घरात?”

काजल हसली. मग पिठाने भरलेल्या मुठीकडे बघत हळूच म्हणाली, “महाराजांचा गरुडही लंगडीच घालते, काकू.”

“म्हणजे?”

“जुन्या पावलांत आतलं बोट आखूड हाय. डावा पाय असला तं एका बाजूले, उजवा असला तं दुसऱ्या बाजूले. एक सोडून एक. मी किती लोकायले दाखवलं हाय ते. नवीन पावलायचं आखूड बोट एकाच बाजूले हाय. सगळीच्या सगळी. उजवा, उजवा, उजवा.”

“तुला कधी कळलं?”

“दुसरं निघालं तेव्हाच.”

“मग बोलली काहून नाहीस?”

ती दम घ्यायला थांबली. “आई लय खुश हाय नं काकू. बाबा गेल्यापासून मी तिले असं पाहिलंच नाही. गाणं म्हणते स्वयंपाक करताना. तुम्हीही नका सांगू.”

ती जवळ बोलत होती आणि तिच्या श्वासाला वास येत होता, अति पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा गोड वास. मी विचारलं, सकाळची सुई घेतली का? तिने मान हलवली. परवापासून तीही बंद होती.

“महाराज म्हणाले, वास येऊन राहिला तं समजा काम झालं. गरुडगंध म्हणतात त्याले. काल बाया रांगेनं येऊन माझ्या तोंडाचा वास घेऊन गेल्या.”

मी तशीच उठले आणि रुख्मिणीच्या घरी गेले. ती पिशवी भरत होती. उद्या एकादशी, आजच पोरीला मठात न्यायचं, महाराज तिला गादीजवळ बसवणार होते.

“रुख्मिणी, पोरीला आधी दवाखान्यात ने. सुई दे. बाकी मग बघू.”

“वयनी, तुमच्या तोंडून असं?” तिला खरंच धक्का बसला होता. “तुम्ही रोज जप करता, गुरुवार सोडत नाही, अन् मले म्हणता देवावर भरोसा ठेवू नको?”

“देवावर ठेव नं. त्या माणसावर नको ठेवू. ती पावलं खोटी आहेत.”

“मी या हातांनी उकरून काढली!” तिने दोन्ही हात माझ्यासमोर धरले. नखांत अजून गाळ होता. “माझे हात खोटे का? त्या पोट्टीनं किती सुया खाल्ल्या, मोजल्या का कोणी? आता एक माणूस म्हणते सुई नको, तं तुमच्या पोटात काहून दुखून राहिलं?”

दार लागलं.

*

मी शाळेत गेले. धम्मानंद सर मधल्या सुट्टीत डबा उघडून बसले होते. कपाटातला तो पाय जागेवर होता.

“कालच आला परत,” सर म्हणाले. “दर पंधरवड्यात वामनराव घेऊन जातात मठात. म्हणतात, दर्शनाले ठेवतो, आंघोळ घालतो. अन् खरंच, आंघोळ घालूनच परत पाठवतात. पण नीट घालत नाहीत.”

त्यांनी पाय उचलून माझ्यासमोर धरला. बोटांच्या फटीत पांढरं काहीतरी वाळून बसलं होतं. सरांनी टाचणीने खरवडून दाखवलं.

“सिमेंट. दगडाचा चुरा मिसळून. पात्रातला खडक वीतभर फोडाचा, त्यात हा माल भराचा, ओला असतानाच हा पाय दाबाचा. वरून ओली पोती अन् गाळ टाकून द्याचा. एकादशीपर्यंत घट्ट होते. मंग बायायच्या हातानं उकरून घ्याचा. ज्यानं स्वतः उकरलं, तो कधी म्हणणार नाही का खोटं हाय.”

“आणि तुम्ही गप्प बसलात?”

“बोललो नं, बाई.” सरांनी डब्याचं झाकण लावलं. “वामनरावांनी सगळ्यांसमोर म्हटलं, तुमच्या लोकायचा देवाशी काय संबंध, तुम्ही नका पडू यात. माझ्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली, ते आजही त्यायले आठवते. मी सांगितलेलं सिमेंट खरं असलं तरी ते त्यायच्या कानात जात नाही. तुमचं जाईल. तुम्ही एकादशीवाल्या.”

त्यांनी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर दीप्तीला फोन लावला. वासाचं ऐकल्याबरोबर ती किंचाळलीच. “सर, रक्तात विष चढून राहिलं तिच्या! आत्ता भरती कराले पाहिजे!” ती स्वतः गाडी घेऊन मठावर गेली. फाटकावरच्या माणसांनी तिला आत जाऊ दिलं नाही, आणि रुख्मिणी आतून बाहेर आली नाही.

आता एकच राहिलं होतं. रुख्मिणीने स्वतः पाहायला हवं होतं. तिला पटलं तरच पोरगी त्या गादीवरून उठणार होती.

*

एकादशीला गर्दी दुप्पट होती. काजलला महाराजांशेजारी खुर्चीवर गादी घालून बसवलं होतं, कपाळभर शेंदूर, गळ्यात हार. मान एका बाजूला कलली होती. महाराज माइकवर सांगत होते, “पोरगी समाधीत गेली! साखर कुठं गेली? सुगंध झाली! या, अनुभव घ्या!” आणि शिकलीसवरली माणसं वाकून वाकून त्या पोरीच्या तोंडाचा वास घेत होती.

गाळ उपसला गेला. पाऊल निघालं. मठाचा माणूस तेलाची कॅन घेऊन पुढे सरकला, तशी मी त्याच्या आडवी जाऊन पावलासमोर बसले. माझा आवाज लहान. घरातही मला दुसऱ्यांदा सांगावं लागतं. पण मी बायांशीच बोलत होते आणि बाया जवळच होत्या.

“बायांनो, कालच गुरुवार झाला. सगळ्यांनी पावलं काढली नं दारात? एकाच मुठीनं काढली का कोणी?”

“असं कसं काढतील?” एक म्हातारी म्हणाली. “दोन मुठी लागतात.”

“मग या आखूड बोटाकडे बघा. आता मागच्या पावलाकडे बघा. त्याच्या मागच्या. गरुडाचा डावा पाय दाखवा मला.”

बाया वळल्या. शेंदूर पुसत, माळा बाजूला सारत एका पावलाकडून दुसऱ्याकडे गेल्या. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणालं, “वं माय, हे तं सगळे उजवेच.” मग तेच दुसरीने म्हटलं. पुरुषांना अजून काही कळलं नव्हतं.

महाराजांना मात्र लगेच कळलं. “देवाची लीला!” ते गरजले. “गरुडदेव एका पायावर तप करते! एकपाद मुद्रा!”

“तप कराले लागला तं चालून कसा राहिला जी?” तीच म्हातारी म्हणाली, आणि पहिल्यांदा गर्दीत हसू फुटलं.

एवढ्यात सर पुढे आले. त्यांनी फडक्यातून पाय काढला आणि पावलात ठेवला. म्यानात तलवार बसावी तसा तो बसला. त्यांनी तो उचलून मागच्या पावलात ठेवला, तिथेही बसला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाचेच्या जागेवरचा शेंदूर पदराने पुसला. तिथे दगडावर सुपारीएवढा उंचवटा होता. पायाच्या टाचेत तेवढाच टवका नव्हता.

“सव्वीस जानेवारीले पडला होता पाय,” सर म्हणाले. “तुमच्यासमोर पडला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या गरुडाले सव्वीस जानेवारीची जखम कशी झाली, तेवढं महाराजांनी सांगावं.”

कोणीतरी पहार घातली. पाऊल अख्खंच्या अख्खं वडीसारखं सुटून वर आलं. खाली फोडलेला खडक होता आणि पोत्याची चिंधी.

वामनराव “व्हिडिओ बंद करा, व्हिडिओ बंद करा” म्हणत हात हलवत फिरत होते. महाराज खुर्चीवर नव्हते. मठामागे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी हे सगळं नंतर आठवून लिहिते आहे, त्या वेळी मी फक्त रुख्मिणीकडे बघत होते. ती त्या उलट्या पडलेल्या सिमेंटच्या वडीपाशी बसली होती. तिने बोट लावून पाहिलं, नखाने खरवडून पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. आणि उठून अशी धावली की हार, माइक, माणसं, सगळं तुडवत गेली.

काजल समाधीत नव्हती. ती बेशुद्ध होती.

डॉक्टर दीप्ती काठावरच गाडी घेऊन उभी होती. उमरेड रोडवर त्याच गाड्यांची रांग होती, गरुड बघायला आलेल्यांची. खाली उतरून एकेका ड्रायव्हरपुढे हात जोडावे लागले. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी सगळं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काजल गेली.

*

मला वाटलं होतं, आता तरी गाव जागं होईल. झालं ते असं.

पहिले चार दिवस लोक महाराजांना शिव्या देत होते. मग चहाच्या टपऱ्या ओस पडल्या, खोल्या भाड्याने देणाऱ्यांची गिऱ्हाइकं आटली, आणि शिव्यांचं तोंड वळलं. “तप मोडलं म्हणून पोरगी गेली.” “गादीवरून उठवली नसती तं वाचली असती.” “सुभद्राबाई एवढ्या देवधर्माच्या, पण त्यांनीच घात केला.” सुभद्राबाई म्हणजे मी. सरांच्या घराच्या भिंतीवर कोणी काय लिहिलं ते मी इथे लिहिणार नाही. चौकातल्या डायनासोरला पंख बसलेच, मंजूर झालेलं काम होतं. आणि खऱ्या पावलांवर तेल, शेंदूर आणि खोटी पावलं उपसताना त्यांनाही बसलेले पहारीचे घाव मिळून असा थर बसला की शास्त्राची माणसं आली आणि मान हलवून परत गेली. जे एकमेव खरं होतं तेही गेलं.

पोलिसांत तक्रार द्यायला कोणी तयार नव्हतं. वामनराव घरोघर जाऊन समजूत घालत होते, “झालं ते झालं. देवाची इच्छा. पोरीचं आयुष्यच तेवढं होतं.” हे वाक्य सगळ्यांना सोयीचं होतं. त्यात महाराज सुटत होते, वामनराव सुटत होते, वास घ्यायला वाकलेला प्रत्येक जण सुटत होता.

तेरावं झाल्यावर रुख्मिणी माझ्याकडे आली. दारातच बसली.

“वयनी, सगळे म्हणून राहिले, आयुष्यच तेवढं होतं. तुम्ही खोटं बोलत नाही. तुम्ही सांगा. गुरुवारी तुम्ही आल्या होत्या. तेव्हा मी ऐकलं असतं तं?”

देवघरात माझा दिवा लागलेला होता. ‘हो गं, तेवढंच आयुष्य होतं,’ एवढं म्हटलं असतं तर ती बाई निदान रात्री झोपली असती. जिभेवर आलंही होतं. पण तेच खोटं तर गावभर वाटलं जात होतं, तीर्थासारखं, बाटल्या भरभरून.

मी तिचा हात धरला. “वाचली असती, रुख्मिणी. सुई चालू असती तर काजल आज असती.”

ती रडली नाही. तिने माझा हात घट्ट धरला. मग म्हणाली, “मले हेच ऐकाचं होतं. सगळे मले थोपटून राहिले, खरं कोणी सांगून नाही राहिलं. ती गेली नाही, तिले मारलं. मीही मारलं, त्यायनंही मारलं. ठाण्यात चला माझ्यासंगं. माझंही नाव लिहू द्या, पण त्यायचंही लिहिल्याबिगर मी उठणार नाही.”

आम्ही गेलो. सर आले, दीप्ती आली, आणि गुरुवारी दोन मुठींनी पावलं काढणाऱ्या त्या म्हातारीसकट काही बायाही आल्या. जादूटोण्याविरुद्ध आपल्या राज्यात कायदा आहे, तो वापरला तर आहे. गुन्हा नोंदवला गेला. महाराज अजून सापडलेले नाहीत. ते कुठल्या तरी दुसऱ्या गावाच्या पुण्याचं कौतुक करत असतील.

म्हणून हे लिहिलं. ज्यांच्या घरी दिवा लागतो, उपास होतात, त्यांच्यासाठी मुद्दाम. देव मानता तर माना, मीही मानते. पण कोणी म्हणालं की औषध सोड, तर त्या क्षणी उठा, मग तो कितीही मोठ्या गादीवर बसलेला असो. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी खाली वाकून नीट बघा, उलटा करून बघा, चार प्रश्न विचारा. प्रश्न विचारल्याने देव रागावत नाही. रागावतो तो माणूस असतो, आणि त्याला रागावायचं कारण असतं. आणि तुमच्या घरातलं लेकरू गप्प गप्प राहत असेल, तर त्याला जवळ बसवून विचारा की त्याला काय दिसलं आहे. त्याला दिसलेलं असतं. तुमचा आनंद मोडू नये म्हणून ते जीव जाईपर्यंत बोलत नाही.